मेजर संख्याशास्त्र, पण शिकायचंय भाषा आणि आजारपण यांच्या मधलं. अशी डिग्री आपली आपण आखता येते का?

अव्वाचा_नातू

नमस्कार. मी सोलापूरचा. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष नुकतंच झालं. पुढच्या पंधरवड्यात मेजर-मायनर (मुख्य आणि जोड विषय) पक्कं करायचा फॉर्म भरायचाय. मेजर संख्याशास्त्र, हे जवळजवळ ठरलंय. पण मला जे शिकायचंय ते कुठल्याच एका विषयात बसत नाही, म्हणून विचारतोय. जरा लांब होईल, वाचून घ्या.

आम्ही घरात तेलुगू बोलतो. गल्लीत कन्नड कानावर पडतं, शाळा मराठी झाली, मित्रांशी दखनी. सोलापूरच्या पूर्व भागात यात नवल काही नाही. माझी अव्वा, म्हणजे आजी, चाळीस वर्षं विड्या वळते आहे. मराठी तिला कळतं, बाजारापुरतं बोलतेही. पण दुखायला लागलं की तोंडातून तेलुगूच येतं.

मी सातवीत होतो. आई तयार माल द्यायला कारखान्यात गेली होती म्हणून अव्वाला दवाखान्यात मी नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय व्हायलंय आजी?" अव्वा म्हणाली, "कंड्लु तिरुगुतुन्नय." मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, "डोळे फिरायलेत म्हणते." त्यांनी डोळ्यांच्या विभागाची चिठ्ठी दिली. तिथं आमचे दोन खेटे झाले. थेंब मिळाले. महिनाभर रोज रात्री मी तिच्या डोळ्यांत थेंब घालत होतो आणि ती निमूट घालून घेत होती. मग एक दिवस ती मोरीत पडली, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७ निघालं, म्हणजे रक्त फारच कमी. तेलुगूत कंड्लु तिरगणं म्हणजे चक्कर येणं. डोळ्यांचा काही संबंधच नाही. मला दोन्ही भाषा येत होत्या, तरी मी चुकीचं सांगितलं. हे अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून एका वहीत शब्द लिहून ठेवतो. उदाहरणार्थ "आयासम". तेलुगू माणूस आयासम म्हणतो तेव्हा त्याला धाप लागलेली असते. मराठी कानाला ते "आयास" वाटतं, म्हणजे कष्ट, दगदग. तंबाखूच्या धुळीत बसणारी बाई "आयासम" म्हणते आणि समोरच्याला वाटतं की थकली असेल बिचारी. वहीत आता एकशे चाळीस शब्द झालेत.

मला हेच शिकायचंय. आजार सांगताना भाषा कुठे अडते, किती वेळा अडते, त्याने किती नुकसान होतं. यासाठी संख्याशास्त्र हवं, भाषाविज्ञान हवं, सार्वजनिक आरोग्य हवं. परदेशात विद्यार्थी स्वतःचं मेजर स्वतः आखतात असं ऐकलंय. आपल्याकडे, इथे राहून, असं काही जमतं का? पुण्या-बेंगळुरूच्या खाजगी विद्यापीठांची फी आमच्या आवाक्यात नाही. मामा म्हणतो, "खिचडी डिग्रीला कोण विचारतंय?" त्याचंही अगदीच चूक आहे असं वाटत नाही.

निवृत्त_संख्याशास्त्र

बाळा, मी ३१ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, अभ्यास मंडळावरही होतो. तुझा प्रश्न दोनदा वाचला.

आधी सरळ उत्तर. "विद्यार्थ्याने स्वतः आखलेलं मेजर" असं नाव टाकून पदवी मिळण्याची सोय आपल्या भागातल्या कॉलेजांत माझ्या पाहण्यात नाही. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात आंतरविद्याशाखीय पदवीला जागा आहे. तिथे इकॉनोमेट्रिक्सचं उदाहरण दिलंय: अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, गणित, तिन्हींत मुख्य क्रेडिट वाटून घ्यायचे. पण तो अभ्यासक्रम विद्यापीठाने तयार करायचा असतो, विद्यार्थ्याने नव्हे. तेव्हा नावाचा हट्ट सोड. आत काय भरायचं ते मात्र बरंच तुझ्या हातात आहे, आणि हे बहुतेक मुलांना कुणी सांगतच नाही.

आपल्या राज्याच्या रचनेत तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट आणि चार वर्षांना १६० ते १७६. त्यात मेजर हा सगळ्यात मोठा तुकडा, पण तेवढंच नाही. मायनर आहे. ओपन इलेक्टिव्ह आहेत, आणि ते तर मेजरच्या विद्याशाखेबाहेरचेच घ्यावे लागतात. शिवाय फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग, कौशल्याचे कोर्स. मुलं काय करतात? ओपन इलेक्टिव्ह ज्या तासाला मित्र बसतो तो घेतात, फील्ड प्रोजेक्ट म्हणून बँकेत जाऊन फोटो काढून येतात, ट्रेनिंग काकांच्या दुकानात. सगळे तुकडे वेगवेगळ्या दिशेला. तू एवढंच कर की प्रत्येक तुकडा तुझ्या त्या एका प्रश्नाकडे वळव. अव्वा "कंड्लु तिरुगुतुन्नय" म्हणाली आणि चिठ्ठी डोळ्यांची निघाली, हे किती जणांच्या बाबतीत होतं? हा झाला तुझा प्रश्न. विषयांची यादी करून डिग्री आखता येत नाही, प्रश्न धरून आखता येते.

मेजर संख्याशास्त्रच ठेव. पुढे एम.एस्सी.ला, अध्यापनाला, सरकारी सांख्यिकी पदांना प्रमाणपत्रावरचं विषयाचं नाव बघतात. तुझ्या मामाची काळजी तिथे रास्त आहे. मायनर मात्र विचार करून घे. तुमच्या कॉलेजात समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र मायनरला मिळतंय का आणि वेळापत्रक जुळतंय का, हे फॉर्म भरण्याआधी ऑफिसात नव्हे, विभागात जाऊन विचार. वेळापत्रक हीच खरी अडचण असते. नियमात बसणारी कितीतरी जोडगोळी सकाळी साडेनऊच्या तासाला मोडते.

भाषाविज्ञान पदवीला आपल्याकडे मिळणं अवघड. त्याला स्वयम् आहे, म्हणजे सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम्‌वरून करून त्यांचे क्रेडिट घेता येतात. मात्र कोर्स लावायच्या आधी कॉलेजकडून लेखी घे की हे क्रेडिट कुठल्या रकान्यात धरणार. माझ्या एका विद्यार्थिनीने अख्खा कोर्स केला, परीक्षा दिली, पास झाली, आणि नंतर तिला सांगितलं की हा आमच्या यादीत नाही. ती रडत माझ्याकडे आली होती. तुझ्यावर ती वेळ येऊ नये.

आता संख्याशास्त्राचं. तुझी वही फार मोलाची आहे, पण ती शब्दसंग्रह आहे, अजून विदा (डेटा) नाही. समज, तीस बायकांनी आपलं दुखणं आपल्या शब्दांत सांगितलं. तेलुगू जाणणाऱ्या एकाने ते वाचून लिहिलं: चक्कर, धाप, अशक्तपणा, जे असेल ते. फक्त भाषांतर वाचणाऱ्या दुसऱ्याने स्वतंत्रपणे लिहिलं. दोघांचं कितपत जुळलं? नुसती टक्केवारी काढलीस तर फसशील, कारण काही उत्तरं योगायोगानेही जुळतात. त्यासाठी कोहेनचा कप्पा (kappa) नावाचं माप आहे, १९६० सालचं. योगायोगाचा भाग वजा करून मग सहमती मोजतं. सूत्र दुसऱ्या वर्षाच्या मुलाला एका दुपारी कळेल. कुठल्या शब्दाला कप्पा घसरतो, ते तुझं पहिलं संशोधन.

आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावली कधी उघडून बघ. पहिल्याच पानावर रकाने असतात: प्रश्नावलीची भाषा, मुलाखतीची भाषा, उत्तर देणाऱ्याची मातृभाषा, दुभाषा वापरला का. म्हणजे देशाच्या पातळीवर हा प्रश्न लोकांनी मोजण्याजोगा मानलेला आहे. तू वेगळंच काहीतरी खूळ घेऊन बसलेला नाहीस.

होटगी_रोड

सरांचा मान ठेवून थोडं वेगळं सांगतो. मी पुण्यात डेटा अॅनालिस्ट आहे, सोलापुरातूनच गेलो. मित्रा, संख्याशास्त्र, पायथॉन, एसक्यूएल, एवढं पक्कं कर. पहिली नोकरी याच्यावर मिळते. घरात विडीवर चालणारा संसार आहे, त्यात चौथं वर्ष कशाला? शब्दांचं काम सुट्टीत कर. मी तुला नाउमेद करत नाहीये. मी स्वतः इतिहासाचं वेड घेऊन बी.एस्सी. केलं आणि दोन्हीकडे अर्धवट राहिलो, म्हणून सांगतोय.

अव्वाचा_नातू

@होटगी_रोड दादा, पायथॉन चालू आहे, ते सोडणार नाही. चौथ्या वर्षाचं तुमचं पटलं, ते आत्ता ठरवत नाही. पण सुट्टीत करायचं म्हटलं तर सुट्टीत मी एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबाला बसतो. अभ्यासात बसवलं नाही तर ते होणारच नाही, एवढं मला माझं माहीत आहे.

@निवृत्त_संख्याशास्त्र सर, कप्पा वाचायला घेतलाय.

सिस्टर_रात्रपाळी

मी बावीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली चौदा सोलापुरात. मी मूळची साताऱ्याकडची, इथे आले तेव्हा मला यातलं काहीच येत नव्हतं.

अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून येणारे कन्नड पेशंट "सुस्त आगतद" म्हणायचे. मला वाटायचं सुस्ती आलीय, झोप झाली नसेल. एका वयस्क काकांच्या केसपेपरवर मी तसं लिहिलंही. त्यांच्या मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, "सिस्टर, आप्पांना उभं राहता येईना झालंय." तिथून मी शिकत गेले. असे शब्द मला कुठल्या कोर्समध्ये नाही मिळाले, आयाबायांनी शिकवले. आमच्या वॉर्डातल्या मावशी हाच आमचा शब्दकोश. त्या निवृत्त झाल्या की सगळं त्यांच्याबरोबर जातं. म्हणून तू जे करतोयस ते कर, नक्की कर.

पण एक गोष्ट तुझ्या लिहिण्यात आली नाही, ती सांगते. तू नातू आहेस. मुलगा आहेस. बारा वर्षांच्या नातवाला मध्ये बसवून कुठलीही आजी सगळं सांगत नाही. अंगावरून जातंय, लघवीला जळजळतंय, शिवणीला खाज आहे, हे ती तुझ्यादेखत बोलणार नाही. ती म्हणेल कंबर दुखते. आणि तू अगदी बरोबर भाषांतर करशील, "कंबर दुखते म्हणते." शब्द चुकला नाही, तरी आजार हुकला. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला मी पहिला प्रश्न विचारेन तो रक्त कुठून जातंय हा. तो प्रश्न त्या दिवशी तुझ्यातर्फे विचारता आला असता का, तूच विचार कर.

तुझ्यावर दोष म्हणून नाही सांगत रे. मुलांना दुभाषा करणं ही आम्हा मोठ्यांची चूक आहे. पण तुझ्या डिग्रीत दुभाषा कोण असावा हा भाग घाल. बाई की पुरुष, घरातला की बाहेरचा. त्याला भाषाविज्ञान पुरणार नाही. एकदा सार्वजनिक आरोग्यवाल्यांशी बोल. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, सोलापुरातून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

आणि दवाखान्यात जाऊन पेशंटचं बोलणं रेकॉर्ड करू नकोस. त्याला नैतिकता समितीची परवानगी लागते, पेशंटला कळेल अशा भाषेत संमती लागते. सुरुवात वस्तीतून कर, आशाताईला, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविकेला, बरोबर घेऊन.

बाळीवेस_ते_ब्लूमिंग्टन

परदेशाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी सोलापूरच्या बाळीवेशीत वाढलो, एम.एस.साठी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात आलो आणि इथेच राहिलो. या विद्यापीठात "इंडिव्हिज्युअलाइज्ड मेजर" नावाचा कार्यक्रम बरीच वर्षं आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या शब्दकोड्यांचे संपादक विल शॉर्ट्झ यांनी १९७४ मध्ये याच सोयीतून कोड्यांच्या शास्त्राची पदवी घेतली. ती पदवी घेणारे ते एकटेच, असं सगळे सांगतात. न्यूयॉर्क विद्यापीठाचं गॅलॅटिन स्कूलही १९७२ पासून याच पद्धतीने चालतं. म्हणजे हे खूळ नवं नाही.

पण नुसतं "मला हे, हे आणि हे आवडतं" म्हणून कुणी मंजूर करत नाही. मी इथे टीचिंग असिस्टंट असताना एक मुलगी असा प्रस्ताव लिहीत होती. मी तिच्या चार आवृत्त्या वाचल्या. आधी एक प्राध्यापक पाठीशी उभा राहायला हवा. मग एक निबंध: माझा प्रश्न काय, तो प्रचलित मेजरमध्ये का बसत नाही. मग कोर्सची यादी, आणि प्रत्येक कोर्सपुढे एक ओळ की हा इथे का आहे. समितीसमोर बसावं लागतं, शेवटी मोठा प्रकल्प. तिच्या पहिल्या यादीत २२ कोर्स होते. समितीने त्यातल्या नऊंवर बोट ठेवून विचारलं, हा का? चारांना तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने ते चार काढले आणि प्रस्ताव एकदम उभा राहिला.

तुझ्याकडे समिती नाही. म्हणून ती तूच बनव. सर आहेत, सिस्टर आहेत. दोन पानांचा प्रस्ताव लिही, कुणी मागितला नसला तरी. मायनरपुढे एक ओळ, प्रत्येक ओपन इलेक्टिव्हपुढे एक ओळ. ज्याच्यापुढे ओळ सुचणार नाही तो घेऊ नकोस. आणि प्रस्तावाला नाव दे, भले ते डिग्रीवर येणार नसो. पुढे कुठे अर्ज करशील तेव्हा "संख्याशास्त्र" या एका शब्दामागे काय काय आहे ते सांगायला ती दोन पानं लागतील.

मामांना सांग, खिचडी बिघडते ती डाळ-तांदळाचं माप न घेता टाकली तर.

निवृत्त_संख्याशास्त्र

सिस्टरांचं वाचून मला माझ्याच उत्तरातली उणीव दिसली. मी कप्पा सांगून मोकळा झालो. पण बाईने सांगितलंच नाही ते कप्प्यात येत नाही. तिथे रचना वेगळी लागेल: त्याच बाईला एकदा घरच्या पुरुष दुभाष्यासमोर आणि एकदा बाहेरच्या बाईसमोर विचारायचं, आणि आधी कोणासमोर हे चिठ्ठी टाकून ठरवायचं. नाहीतर दुसऱ्या खेपेला ती नुसतं सरावाने जास्त बोलली असं कुणीही म्हणेल. हा प्रयोग तिसऱ्या वर्षाच्या मुलाला पेलेल. मार्गदर्शन मी करेन. पैशाचा प्रश्न नाही, मी रिकामाच आहे.

अव्वाचा_नातू

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण सिस्टर, तुमचं वाचल्यावर मला काही सुचेना.

रविवारी आईला सगळं सांगितलं. सातवीतलं तिला माहीतच नव्हतं, थेंब डॉक्टरांनी दिले एवढंच ठाऊक होतं. ती म्हणाली, तू जरा बाहेर बस. मी ओट्यावर जाऊन बसलो. आत अव्वा पानं कापत होती, कात्रीचा आवाज येत होता. मग तो थांबला. बराच वेळ दोघी हळू आवाजात तेलुगूत बोलत होत्या. आई बाहेर आली ती डोळे पुसतच. काय ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. एवढंच म्हणाली, बाईडॉक्टरकडे न्यायचंय, मी रजा टाकते, तू येऊ नकोस. मंगळवारी त्या जाऊन आल्या. औषध चालू झालंय. आई म्हणते, हे दुखणं आठ वर्षांचं होतं.

आता फॉर्मचं. मेजर संख्याशास्त्र. मायनर समाजशास्त्र, विभागात जाऊन विचारलं. आठवड्यातले दोन तास मेजरच्या तासांवर येत होते, मॅडम एक तास हलवायला तयार आहेत, दुसऱ्याचं बघू म्हणाल्या. स्वयम्‌वरचा भाषाविज्ञानाचा कोर्स कुठल्या रकान्यात धरणार याचा अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. समाजसहभागाच्या प्रकल्पासाठी आमच्या वस्तीतल्या आशाताईंशी बोललो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, रोज हेच करते मी, कुणी वहीत लिहिलं नव्हतं एवढंच.

प्रस्ताव लिहायला घेतलाय, पहिलं पान झालं. यादीतले दोन कोर्स ओळ सुचली नाही म्हणून खोडले. त्यातला एक मला खूप आवडणारा होता. नाव ठेवलंय "दुखणं सांगण्याची भाषा". वहीतले एकशे चाळीस शब्द पुन्हा लिहितोय, प्रत्येकापुढे एक नवा रकाना: कोणासमोर म्हटला.

सर, तुम्ही सोमवारी अकराला घरी असाल का? वही घेऊन येतो.